सीटची उंची छापता, मग सीट ते फुटरेस्ट हे अंतर का नाही?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वृत्तपत्राच्या वाहनविषयक पानाचा मी जुना वाचक आहे. नवी मोटरसायकल बाजारात आली की तिचे इंजिन किती सीसीचे, ताकद किती, टाकीत पेट्रोल किती मावते, वजन किती आणि सीट जमिनीपासून किती मिलिमीटर उंच, हे सारे त्या पानावरच्या चौकटीत नेमाने छापून येते. यांतला शेवटचा आकडा ज्यांचे पाय जमिनीला धड टेकत नाहीत त्यांच्या उपयोगाचा आहे आणि तो छापायलाच हवा, याविषयी माझे दुमत नाही. पण माझी उंची १८८ सेंटीमीटर आहे. माझे पाय जवळजवळ कोणत्याही मोटरसायकलवरून जमिनीला टेकतात. ते उचलल्यानंतर ठेवायचे कुठे, ही माझी अडचण आहे, आणि तिचे उत्तर देणारा आकडा मला आजवर एकाही चौकटीत सापडलेला नाही. तो आकडा म्हणजे सीटपासून फुटरेस्टपर्यंतचे अंतर. तो छापत जावा, एवढी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मात्र विनंतीमागचे कारण नीट मांडल्याशिवाय ती निव्वळ हौस वाटेल, म्हणून पत्र लांबले आहे. त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

स्वाराचा गुडघा किती वाकतो हे तीन लांब्यांवर ठरते. एक मांडीची, दुसरी गुडघ्यापासून तळपायापर्यंतच्या पायाची, आणि तिसरी खुब्याच्या सांध्यापासून फुटरेस्टपर्यंतची. पहिल्या दोन जन्माने मिळतात, तिसरी मोटरसायकल बनवणारी कंपनी ठरवते. मांडी ४३ सेंटीमीटर आणि खालचा पाय ४५ सेंटीमीटर असलेला मध्यम उंचीचा स्वार घेतला आणि त्याचा खुबा फुटरेस्टपासून ६० सेंटीमीटरवर आहे असे धरले, तर त्रिकोणमितीच्या साध्या हिशेबाने त्याचा गुडघा ८६ अंशांच्या कोनात राहतो, म्हणजे खुर्चीत बसल्यावर राहतो जवळपास तसाच. आता त्याच मोटरसायकलवर मांडी ४८ आणि खालचा पाय ५० सेंटीमीटर असलेला माणूस बसवा. त्याचा गुडघा सुमारे ७५ अंशांपर्यंत मुडपतो. तिसरी लांबी ३ सेंटीमीटरने वाढवता आली तर हा कोन ८० अंशांवर येतो, आणि मध्यम उंचीच्या स्वाराला मिळतो तेवढाच मोकळेपणा उंच माणसाला हवा असेल तर ती जवळजवळ ७ सेंटीमीटरने वाढवावी लागते. दहा-अकरा अंश ऐकायला फार वाटत नाहीत; पण सलग दोन तास पाय तशा कोनात मुडपून ठेवला की मोटरसायकलवरून उतरताना माणूस आधी हँडलला धरतो आणि मग गुडघ्याला, हे उंच स्वारांना सांगावे लागत नाही.

गुडघ्याचे दुखणे निदान जाणवते तरी. घोट्याची अडचण अधिक लपलेली असते आणि पायाने चालवायच्या गिअर व ब्रेकचा खरा संबंध घोट्याशीच आहे. पाय खाली सोडला की चवडा जितका खाली झुकतो त्याच्या निम्माही तो वर उचलला जात नाही. निरोगी घोटा खालच्या बाजूला साधारण ५० अंश आणि वरच्या बाजूला जेमतेम २० अंश वळतो. उंच माणूस आखूड अंतराच्या मोटरसायकलवर बसला की त्याचा गुडघा पुढे आणि वर सरकतो, त्यामुळे नडगी पुढे कलते, आणि पाऊल नुसते आडवे ठेवायलाच वरच्या २० अंशांपैकी बराचसा भाग खर्ची पडतो. आता गिअर वर टाकायचा तर चवडा आणखी उचलायचा, आणि तो उचलायला जागाच उरलेली नसते. मग स्वार घोट्याऐवजी संपूर्ण पाय मांडीपासून उचलतो. दर गिअरला एकदा, गर्दीच्या रस्त्यावर तासाला शंभर वेळा. गिअर अर्धवट पडणे, दोन गिअरच्या मधे खोटा न्यूट्रल लागणे आणि ऐन ओव्हरटेक करताना इंजिन नुसतेच किंचाळणे, या गोष्टींचे खापर बहुधा गिअरबॉक्सवर फुटते. कित्येकदा दोष गिअरबॉक्सचा नसून घोट्याला न मिळालेल्या दोन बोटांच्या जागेचा असतो.

पायांच्या कामाची वाटणी आज जगभर एकच आहे: डावा पाय गिअरचा, उजवा मागच्या ब्रेकचा. पूर्वी तसे नव्हते. जुन्या ब्रिटिश मोटरसायकलींवर गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्याला असे. अमेरिकेने १९७४ साली लागू केलेल्या नियमाने गिअर डावीकडे आणि ब्रेक उजवीकडे असणे सक्तीचे केले आणि तेवढ्या मोठ्या बाजारपेठेसाठी दोन निरनिराळ्या रचना सांभाळणे कोणालाच परवडण्यासारखे नसल्याने हीच वाटणी सर्वत्र रूढ झाली. कोणत्या पायाने काय करायचे हे अशा प्रकारे नियमाने पक्के झाले. त्या पायाची लांबी माणसागणिक बदलते, ही बाब मात्र पाना आणि लॉकनट (जुळवलेला भाग सरकू नये म्हणून आवळायचा नट) यांच्या हवाली करून सगळे मोकळे झाले.

आणि गंमत अशी की पाना आणि लॉकनट यांच्या साह्याने पुष्कळ काही करता येते. बहुतेक मोटरसायकलींचा गिअर लिव्हर आणि ब्रेक पेडल वरखाली करण्याची सोय कारखान्यातूनच करून दिलेली असते. ती आहे हे गाडी घेणाऱ्याला कोणी सांगत नाही, एवढेच. मी स्वतः पहिली आठ वर्षे या अज्ञानात काढली. माझ्या पायात ४६ नंबरचा बूट असतो. त्याचे पुढचे टोक गिअर लिव्हरखाली घालायचे म्हणजे दर वेळी टाच बाहेर काढून पाऊल तिरके करावे लागे, आणि मोटरसायकल चालवणे म्हणजे असेच असते अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

साध्या रचनेत गिअर लिव्हर इंजिनातून बाहेर आलेल्या दातेरी शाफ्टवर थेट बसवलेला असतो आणि एक बोल्ट त्याला आवळून धरतो. हा बोल्ट नुसता सैल करून लिव्हर ओढू नये, तो पूर्ण काढावा. कारण पुष्कळ शाफ्टांवर त्याच्यासाठी खाच असते आणि बोल्ट त्या खाचेत अडकून राहतो. लिव्हर बाहेर काढून एक दात फिरवून पुन्हा बसवला की त्याचे टोक चांगले बोट-दीड बोट वर किंवा खाली जाते. ही रचना भक्कम खरी, पण तिच्यात मधली जागा नसते: एक दात कमी पडतो आणि दुसरा जास्त होतो, असे माझ्याच बाबतीत झाले आहे. पुन्हा बसवताना बोल्ट बेताने आवळावा. सहा मिलिमीटरच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर पुरतात, आणि लांब पान्याने मनगटाचा सारा जोर लावणाऱ्याच्या हाती बोल्टाचे डोके तरी येते किंवा लिव्हरचे आटे तरी जातात.

दुसरी रचना सळईची. तिच्यात लिव्हर फुटरेस्टच्या जवळ स्वतंत्र खिळीवर फिरतो आणि एक बारीक सळई त्याला शाफ्टवरच्या छोट्या दांड्याशी जोडते. सळईच्या दोन्ही टोकांना लॉकनट असतात आणि एका टोकाचे आटे उलटे असतात, त्यामुळे दोन्ही लॉकनट सैल करून सळई नुसती बोटांनी फिरवली की तिची लांबी कमी-जास्त होते आणि लिव्हरचे टोक अगदी केसभर म्हणावे इतक्या बारकाईने हलवता येते. उलट्या आट्यांचा लॉकनट उलटाच फिरवायचा, हे विसरून तो अधिकच आवळून ठेवणारे मी एकटा नसेन. इथे दोनच पथ्ये पाळायची. सळईचे आटे सांध्यात पुरेसे शिल्लक राहिले पाहिजेत, आणि सळई व शाफ्टवरचा दांडा यांच्यातला कोन काटकोनाच्या जवळ राहिला पाहिजे. तो फार बिघडला की पायाने तेवढाच जोर लावला तरी शाफ्टपर्यंत तो कमी पोचतो, आणि पुन्हा अर्धवट गिअरांची तक्रार सुरू होते.

लिव्हर कुठे असावा याचे मोजमाप मी पुस्तकातून घेतलेले नाही. मोटरसायकल मेन स्टँडवर लावावी, नेहमीचे बूट घालून नेहमीसारखे बसावे, डोळे मिटून पाय फुटरेस्टवर टाकावा आणि घोटा आपोआप जिथे थांबेल तिथे थांबू द्यावा. त्या स्थितीत बुटाचे टोक लिव्हरच्या किंचित वर किंवा किंचित खाली असले आणि दोन्हीकडे सारख्याच सहजतेने जात असले, तर जागा बरोबर आहे. बूट घालूनच बसावे असे मुद्दाम लिहिले, कारण उंच माणसाच्या बाबतीत दोन गरजा एकमेकींच्या विरुद्ध जातात: जाड आणि मोठ्या बुटाला आत शिरायला लिव्हर वर हवा असतो, आणि वर न वळणाऱ्या घोट्याला तो खाली हवा असतो. चपला घालून जुळवलेला लिव्हर बुटांना नडतो आणि बुटांना जुळवलेला चपलांना. पण चपला घालून मोटरसायकल चालवणाऱ्यांची सोय पाहायला मी बसलेलो नाही.

आणखी एक गोष्ट वरखाली करण्याने मुळीच सुटत नाही. ती म्हणजे फुटरेस्ट आणि लिव्हरचे टोक यांच्यातले आडवे अंतर. ते मध्यम पावलासाठी आखलेले असते. लांब पावलाचा माणूस तळव्याचा खोलगट भाग फुटरेस्टवर टेकवतो तेव्हा लिव्हर त्याच्या अंगठ्यापाशी न येता चवड्याच्या मधोमध येतो. मग पाऊल मागे ओढावे लागते आणि टाच मागच्या फुटरेस्टच्या ब्रॅकेटला किंवा सायलेन्सरच्या जाळीला घासते. लिव्हरचे टोक पुढे-मागे करण्याची सोय काही थोड्या मोटरसायकलींवर असते, काहींसाठी लांब लिव्हर वेगळा मिळतो. लिव्हर लांब केला की जोर कमी लागतो आणि पाय जास्त हलवावा लागतो, हा तरफेचा नियम तिथेही लागू आहेच. आधीच घोट्याची चाल अपुरी असलेल्याने तो विचारात घ्यावा. ॲल्युमिनियमचा लिव्हर शिकंज्यात धरून वाकवण्याचा उद्योग मात्र कोणी करू नये. तो त्या दिवशी वाकतो आणि तुटतो नंतर कधीतरी, घरापासून लांब.

पुढे चवड्याने आणि मागे टाचेने दाबायचा जो दुहेरी लिव्हर रोजच्या वापराच्या मोटरसायकलींवर असतो, त्याची तऱ्हा आणखी निराळी. तो बहुधा एकसंध असतो, त्यामुळे पुढचे टोक खाली घेतले की मागचे वर येते. लांब बूट या दोन टोकांच्या मधे चिमट्यात सापडल्यासारखा बसतो आणि टाच नुसती टेकली तरी नकळत वरचा गिअर पडतो. ज्या मोटरसायकलींवर टाचेचा भाग सुटा असतो तिथे तो काढून टाकणे हा सरळ उपाय आहे. एकसंध असेल तर त्या मोटरसायकलीच्या शाफ्टला बसणारा एकेरी लिव्हर लावून घ्यावा.

आता ब्रेककडे वळतो, कारण खरा धोका इथे आहे. गिअर लिव्हर चुकीचा बसला तर चालवणाऱ्याची चिडचिड होते. ब्रेक पेडल चुकीचे बसले तर मोटरसायकल थांबत तरी नाही किंवा चालत तरी नाही. पेडल विश्रांतीच्या जागी किती उंच राहावे हे सहसा एक अडवणारा बोल्ट ठरवतो. उंच माणसाला पेडल खाली हवे असते, म्हणून तो बोल्ट फिरवतो, पेडल खाली येते आणि घोट्याला हायसे वाटते. पण पेडल खाली नेणे म्हणजे पेडल थोडे दाबूनच ठेवणे. ड्रम ब्रेक असेल तर मागच्या चाकाकडे जाणारी सळई ताणली जाते आणि पेडलची मोकळी चाल, जिला मेकॅनिक नुसते ‘प्ले’ म्हणतात, ती नाहीशी होते. अनेक मोटरसायकलींच्या पुस्तिकांत ही चाल २० ते ३० मिलिमीटर ठेवायला सांगितलेली असते. म्हणून बोल्टानंतर लगेच मागच्या चाकापाशी असलेला सळईचा नट सैल करून चाल पुन्हा जुळवावी आणि मागचे चाक हाताने फिरवून ते कुठे घासत नाही ना, हे पाहावे.

डिस्क ब्रेकमध्ये हीच चूक अधिक महागात पडते, आणि ती मी केली आहे. पेडल माझ्या पायाच्या मापाचे झाल्याच्या आनंदात मी तसाच निघालो. दहा-बारा किलोमीटरनंतर मोटरसायकल जड वाटू लागली, थ्रॉटल सोडताच ती एखाद्याने मागून धरल्यासारखी मंदावू लागली, आणि थांबून पाहिले तर मागची डिस्क हात जवळ नेववणार नाही इतकी तापलेली. झाले होते ते असे: पेडल खाली आल्याने मास्टर सिलिंडरमधला, म्हणजे पेडलचा जोर ब्रेक ऑइलवर देणाऱ्या नळकांड्यातला, दट्ट्या किंचित आत ढकलला गेला होता आणि ब्रेक ऑइल टाकीत परत जाण्याचे बारीक छिद्र झाकले गेले होते. ब्रेक वापरला की ऑइल तापते, तापले की फुगते, आणि फुगलेल्या ऑइलला परतीची वाट नसेल तर ते पॅडनाच डिस्कवर दाबत राहते. त्याने उष्णता वाढते आणि पुन्हा ऑइल फुगते. अशा मोटरसायकलीचे मागचे चाक चालता चालता जाम होऊ शकते. रस्त्याच्या कडेला ती निवू दिली आणि पेडल आणि दट्ट्या यांना जोडणाऱ्या पुशरॉडचा लॉकनट सैल करून थोडी चाल परत दिल्यावर ती मुकाट चालू लागली. पुशरॉड फिरवताना त्याचे आटे जोडात पुरेसे गुंतलेले राहिले पाहिजेत, हेही त्याच दिवशी शिकलो. एवढे ज्याला स्वतः करण्याचा विश्वास वाटत नाही त्याने ब्रेकचे काम मेकॅनिककडेच द्यावे, पण त्याच्या शेजारी उभे राहून ‘चाल पाहिलीत ना?’ एवढे जरूर विचारावे.

ब्रेकच्या दिव्याकडे तर जवळजवळ कोणाचेच लक्ष जात नाही. पेडलला स्प्रिंगने जोडलेला स्विच पेडल खाली आले की ओढला जातो आणि मागचा लाल दिवा कायमचा पेटून राहतो. स्वाराला तो दिसत नाही. मागून येणाऱ्याला दिसतो, आणि थोड्या वेळाने तो त्याच्याकडे दुर्लक्ष करू लागतो. मग खरोखर ब्रेक लावला तरी मागच्याला ते कळायचा मार्ग राहत नाही. हा स्विच जुळवताना त्याचे अंग एका हाताने धरून फक्त बाहेरचा नट फिरवायचा असतो. अंगच फिरवले तर आतल्या तारा पिळल्या जातात. अंधारात भिंतीपाशी मोटरसायकल उभी करून पेडल हळूहळू दाबत भिंतीवरचा लाल उजेड नेमका केव्हा वाढतो ते पाहिले की काम पुरे होते.

येथवर लिहिलेले सारे घोट्याच्या सोयीचे झाले. गुडघ्याचा कोन लिव्हर वरखाली केल्याने एका अंशानेही बदलत नाही, आणि नेमकी हीच गल्लत मी वारंवार पाहतो. त्यासाठी सीट आणि फुटरेस्ट यांतले अंतरच वाढवावे लागते. फुटरेस्ट खाली नेणारे ब्रॅकेट पुष्कळ मोटरसायकलींसाठी मिळतात आणि उंच स्वार पहिल्यांदा तिकडेच धाव घेतो. त्याने दोन गोष्टींचा विचार करावा. पहिली अशी की फुटरेस्ट २५ मिलिमीटर खाली गेला तरी गिअर लिव्हर आणि ब्रेक पेडल होते तिथेच राहतात, म्हणजे पायाच्या दृष्टीने ते २५ मिलिमीटर वर चढतात. गुडघा सुटतो आणि घोटा अडकतो. त्यामुळे फुटरेस्ट आधी, लिव्हर आणि पेडल त्याच्या मागून, असाच क्रम ठेवावा लागतो, आणि पेडल तेवढे खाली जाण्याआधीच सायलेन्सरच्या नळीला किंवा लिव्हर साइड स्टँडला टेकत असेल तर तो बेतच सोडून द्यावा लागतो. दुसरी गोष्ट वळणावरच्या झुकावाची. फुटरेस्टचे बाहेरचे टोक जमिनीपासून ३०० मिलिमीटर उंच आणि मोटरसायकलच्या मध्यरेषेपासून ३५० मिलिमीटर दूर असेल, तर टायरची रुंदी आणि सस्पेन्शनचे दबणे बाजूला ठेवून केलेल्या हिशेबाने ते सुमारे साडेचाळीस अंशांच्या झुकावाला जमिनीवर टेकेल. २५ मिलिमीटर खाली नेल्यावर ३८ अंशांना. रोजच्या रस्त्यावर एवढे कोणी झुकत नाही, असे म्हणता येईल. खळगा, मागे बसलेला माणूस आणि दबलेले सस्पेन्शन एकत्र आले की मात्र हे दोन-अडीच अंश हवेसे वाटतात. फुटरेस्ट बिजागरीवर वर दुमडतो तो त्यासाठीच, आणि खाली नेणाऱ्या ब्रॅकेटमुळे त्याचे दुमडणे अडत असेल तर ते ब्रॅकेट बसवू नये.

माझे मत असे झाले आहे की उंच माणसाने फुटरेस्ट खाली नेण्याआधी सीट वर नेण्याचा विचार करावा. सीटमधला फोम २५ मिलिमीटरने वाढवला तर गुडघ्याला तेवढाच मोकळेपणा मिळतो, जमिनीपासूनचे अंतर अबाधित राहते, आणि फुटरेस्ट, लिव्हर, पेडल यांचा आपापसातला मेळ तसूभरही बिघडत नाही. सीट उंच झाल्याची जी किंमत बुटक्या माणसाला मोजावी लागते ती आपल्याला मोजावी लागतच नाही. निसर्गाने दिलेल्या लांब पायांचा हा एवढाच तर फायदा. हँडल थोडे खाली गेल्यासारखे वाटते आणि कमरेला ते जाणवले तर हँडल वर घेता येते. तरीही पाय नेण्याची दिशा खाली नसून पुढे असलेल्या क्रूझर मोटरसायकलींची गोष्ट वेगळी. तिथे फुटरेस्ट, लिव्हर आणि पेडल ही सारी जुळणीच पुढे सरकवली जाते आणि त्यासाठी गिअरची सळई, प्रसंगी ब्रेकचा पाइपसुद्धा, लांब घ्यावा लागतो. हे काम अंगणात बसून करायचे नव्हे.

मोटरसायकल बनवणाऱ्यांना यातले काही जमत नाही असे नाही. कावासाकी कंपनीने २०१५च्या सुमारास आणलेल्या व्हल्कन एस या मोटरसायकलीत फुटरेस्ट पुढे-मागे तीन जागी बसवण्याची सोय केली, मधल्या जागेपासून दोन्हीकडे सुमारे २५ मिलिमीटर. त्याच्या जोडीला सीट आणि हँडल यांचेही पर्याय ठेवले आणि हा सारा बेत ‘एर्गो-फिट’ या नावाने विकला. बीएमडब्ल्यूच्या जीएस मालिकेतल्या काही मोटरसायकलींवर ब्रेक पेडलचे टोक उलटवून उंच करता येते, म्हणजे उभ्याने चालवताना पेडल पायाखाली सापडते आणि बसल्यावर ते पुन्हा खाली करता येते. त्याला पानासुद्धा लागत नाही. या महागड्या गाड्यांच्या गोष्टी झाल्या हे मान्य. पण फुटरेस्टच्या ब्रॅकेटला दोनऐवजी चार छिद्रे पाडायला फार मोठे संशोधन लागते, असे मला वाटत नाही.

म्हणून आपल्याला विनंती अशी की आपल्या परीक्षणांच्या चौकटीत दोन आकडे वाढवावेत. पहिला, सीटच्या सर्वांत खोल भागापासून फुटरेस्टच्या माथ्यापर्यंतचे सरळ अंतर, सीटवर कोणी बसलेले नसताना मोजलेले. दुसरा, फुटरेस्टच्या मध्यापासून गिअर लिव्हरच्या टोकापर्यंतचे आडवे अंतर. दोन्हींसाठी मोजपट्टी आणि पाच मिनिटे पुरतात. त्यांच्या शेजारी लिव्हर आणि पेडल वरखाली होतात की नाही, होत असल्यास किती, एवढे एका ओळीत लिहावे. परीक्षण करणाऱ्याची स्वतःची उंची छापली तर फारच उत्तम. ‘बसण्याची स्थिती आरामदायक आहे’ हे वाक्य मी आपल्या पानावर अनेकदा वाचले आहे, आणि ते लिहिणाऱ्याचे पाय किती लांब होते हे कळल्याशिवाय मला त्याचा काहीच उपयोग झालेला नाही.

नवी मोटरसायकल ताब्यात देताना आरसे स्वाराच्या नजरेला जुळवून देण्याची पद्धत पुष्कळ विक्रेते पाळतात. त्याच वेळी त्याला सीटवर बसवून, बूट फुटरेस्टवर ठेवायला सांगून, लिव्हर आणि पेडल त्याच्या पायाला जुळवून द्यायला वीस मिनिटे लागतील. ही मागणी मी विक्रेत्यांकडे तोंडी केली तेव्हा ‘सवय होईल’ असे उत्तर मिळाले. सवय झाली होती. आठ वर्षे होती. आपल्या पानावर हे आकडे येऊ लागले तर निदान गाडी घेण्याआधी मोजपट्टी कुठे लावायची, हे माझ्यासारख्याला ठाऊक असेल.

आपला नम्र,
एक उंच वाचक